झाकण न बसलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी बाबांचा एक प्रश्न ठरलेला असे, "पुढं वाढते का?" शाळेची पँट घ्यायची तर पायाला आतून चार बोटं दुमड हवी, चपलेत टाचेमागे बोटभर जागा हवी, आणि चौघांच्या घरात कुकर घ्यायचा तो आठ माणसांचा हवा. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते, आणि धरणांची उंची वाढवण्याचे प्रस्ताव जन्मभर त्यांच्या टेबलावरून इकडून तिकडे गेले होते, त्याचा हा परिणाम असावा. मी दहावीपर्यंत स्वतःच्या मापाचे कपडे घातल्याचं मला आठवत नाही. सातवीच्या गॅदरिंगच्या फोटोत मी उभा आहे असं सगळे सांगतात; मला तिथं फक्त एक उभा शर्ट दिसतो आणि त्याच्या वर दोन कान. अशा माणसाच्या घरात मी एक असा कॉम्प्युटर आणवला, जो जन्मतःच पुरता वाढलेला होता.

कॉम्प्युटर खरं तर हवा होता सुजाताताईला. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बी.ए. झाल्यावर तिनं आमच्या अमरावतीतल्याच एका छापखान्यात दोन वर्षं मराठी टायपिंग केलं होतं. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, मंगल कार्यालयांची दरपत्रकं असलं सगळं तिच्या बोटांखालून गेलं होतं. पत्रिकेत वरमाईचं नाव चुकलं तर काय होतं हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे तिच्या हातून काना-मात्रा सुटत नसे. तिला आता स्वतःचं काम सुरू करायचं होतं, आणि त्यासाठी हवी होती आमच्या घरातली समोरची खोली. ती खोली बाबांची. त्यांचं झोपणं तिथं, पेपर वाचणं तिथं, खात्यातल्या लोकांशी खात्यातल्याच लोकांची उणीदुणी काढणं तिथं. बाबा हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. म्हणाले, "एक काम पुरं करून दाखव. पुस्तकासारखं. बाहेरच्या मानसाचं. येळेवर. मंग पाहू." नाही झालं तर काय, हे सांगायची गरज नव्हती. अंजनगाव सुर्जीचे पाहुणे तीन महिन्यांपासून होकाराची वाट पाहत होते. मुलगा वाईट नव्हता, पण सुनेनं कॉम्प्युटरवर बसून करायचं काय, हा प्रश्न त्यांनी पहिल्याच निरोपात विचारून घेतला होता.

काम मिळालं. धामणगावच्या एका मुलींच्या शाळेला पन्नास वर्षं होत होती, तिची स्मरणिका. एकशेसाठ पानं, लेख, आठवणी, कविता, माजी मुख्याध्यापिकांची चरित्रं, आणि देणगीदारांची यादी जिच्यात एकही नाव गाळून चालणार नव्हतं. ताईनं काम घेतलं आणि कॉम्प्युटर निवडायची जबाबदारी घरातल्या तज्ज्ञावर, म्हणजे माझ्यावर, येऊन पडली.

माझ्या तज्ज्ञपणाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी तेव्हा अकोल्याला हार्डवेअरचा कोर्स करत होतो. अमरावतीत असे कोर्स नव्हते असं नाही, पण अकोल्याला माझी मावशी होती आणि मावशीच्या हातचे कढी-गोळे होते. कोर्स सहा महिन्यांचा. त्यातले अडीच महिने झाले होते, आणि त्या अडीच महिन्यांत मी स्क्रू कोणत्या बाजूला फिरवला की सुटतो एवढं पक्कं शिकलो होतो. पण शनिवारी घरी आलो की जेवताना "मदरबोर्ड", "प्रोसेसर", "बस स्पीड" असे शब्द वरणात टाकत असे, आणि आई कौतुकानं जास्तीचं तूप वाढत असे. ज्ञानाला तूप मिळतं म्हटल्यावर ज्ञान वाढवण्यापेक्षा शब्द वाढवणं सोपं.

क्लासच्या खालीच रफिकभाईंचं दुकान होतं. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि मग कॉम्प्युटर, अशा तीन पिढ्यांचे सांगाडे त्या दुकानात एकमेकांच्या मांडीवर बसलेले असत. रफिकभाई आमच्याशी उर्दू-हिंदीत बोलत, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडीत, आणि बिघडलेल्या मशीनशी काहीच बोलत नसत. नुसतं कान लावून ऐकत. बाबा मुद्दाम रजा टाकून अकोल्याला आले. रफिकभाईंनी दोन कॉम्प्युटर पुढं ठेवले. एक टॉवर, म्हणजे उभा, कोठीतल्या कणगीसारखा. दुसरा कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला, आडवा, छोटा, पोळ्यांच्या डब्याएवढा. मी लगेच लहानावर बोट ठेवलं. जागा कमी लागते, वीज कमी खातो, आवाज करत नाही, अशी कारणं मी दिली. खरं कारण असं की टॉवर घेतला असता तर तो एसटी स्टँडपर्यंत माझ्या डोक्यावर गेला असता.

बाबांनी आपला प्रश्न विचारला. "पुढं वाढते का?"

रफिकभाईंनी चार स्क्रू काढून झाकण उचललं आणि बैल दाखवावा तसा तो डबा दाखवला. "पाहा बाबूजी. मेमरीच्या दोन जागा हायेत. एक भरेल हाय, एक खाली. म्हनजे उद्या डबल करता येते. डिस्क मातर एकच बसते, थे बी लॅपटॉपवाली लहान. सीडीचा खन हाय, पर हा फक्त वाचते, लिवत नाई. त्याच्या जागी लिवनारा बसवता येते, पतला. आन् हे पाहा, कार्डासाठी एक फट. पर अर्ध्या उंचीची. मोठं कार्ड लावसान त झाकन बसनार नाई. पावर बाहेरच्या अडॅप्टरवर चालते, म्हनून याच्यावर जास्तीचं ओझं टाकू नका."

"म्हनजे वाढते, पर पोट सुटत नाई," बाबा म्हणाले. "आमच्या खात्यात अशेच मानसं पायजेत."

मग रफिकभाई माझ्याकडे वळले. "मियाँ, पहले राइटर डलवाना. काम लिखने का है, तो कापी निकलनी चाहिए. और कार्ड डालना हो तो आधी हाइट का."

"माहीत आहे मले," मी म्हणालो. आयुष्यात मी जेवढ्या वेळा "माहीत आहे मले" म्हणालो, त्याची यादी केली तर ती माझ्या चुकांच्या यादीशी ओळीला ओळ जुळेल.

घरी आईनं डबा दोन्ही हातांनी उचलून पाहिला. "एवढाच? बाकीचा मागून येते का?" तो पूर्ण आहे हे पटायला तिला दोन दिवस लागले. बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लागली, त्रिशरण झालं, आणि तो मधल्या खोलीत शिलाई मशीनच्या टेबलावर बसला. मग सुरू झाला ताईच्या बोटांचा आवाज. तो मला अजून ऐकू येतो. आईच्या हातची भाकरी थापण्याची लय आणि ताईच्या टायपिंगची लय यांची सकाळी एकदा गाठ पडायची, आणि मध्ये कुकरची शिट्टी झाली की दोघी एकदम थांबायच्या. माजी मुख्याध्यापिका एकेक करून आमच्या घरात राहून गेल्या. जेवताना ताई सांगायची, "आज गोखलेबाई निवृत्त झाल्या," आणि आई म्हणायची, "बरं झालं माय, लई राबल्या."

मार्चमध्ये बाबांनी एक सुधारणा मंजूर केली. एकच. शनिवारी संध्याकाळी गिला वडा आणला होता, ताक-चटणीत बुडवलेला, आणि त्या पातेल्याभोवती आमची बैठक बसली. ताईचं म्हणणं साधं होतं. सीडी लिहिणारा राइटर घ्या. सगळं काम या एका डब्यात आहे, दुसरी प्रत कुठंही नाही. पेन ड्राइव्ह नावाची वस्तू तेव्हा आमच्याकडं ऐकीवात होती, घरात नव्हती. तिचं म्हणणं इतकं बरोबर होतं की मला ते मोडून काढायला पहिल्यांदाच विचार करावा लागला. कारण मला हवं होतं डिस्प्ले कार्ड. माझ्या वर्गातल्या एकानं मोटारींच्या शर्यतीचा गेम दिला होता, आणि आमच्या डब्यावर ती मोटार बैलगाडीच्या वेगानं जायची.

"राइटर कायले?" मी वड्याचा तुकडा तोडत म्हणालो. "काम झालं की डबा उचलायचा, अकोल्याले न्यायचा, रफिकभाई फुकटात सीडी करून देते. खरी गरज कार्डाची आहे. कार्डानं अक्षरं ठळक दिसतात. ताईच्या डोळ्यावर ताण येऊन राहिला."

ताईच्या डोळ्यांचा विषय निघाला आणि आई माझ्या बाजूला आली. बाबांनी मान डोलावली. ताईनं हातातला वडा ताटलीत ठेवला. तिला शंका आली असावी, पण तिच्याच डोळ्यांची काळजी करणाऱ्या भावाला खोटं कसं पाडायचं? आज हे लिहिताना माझे कान गरम झाले आहेत. तेव्हा झाले नव्हते. तेव्हा मी दुसरा वडा घेतला होता.

कार्ड मी अमरावतीतच घेतलं आणि अर्थातच पूर्ण उंचीचं घेतलं, कारण ते जास्त भारी दिसत होतं. घरी येऊन लावलं. फटीत ते बसलं, पण डब्याच्या बाहेर वीतभर डोकं काढून उभं राहिलं, जत्रेत बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोरासारखं. मागची लोखंडी पट्टी मी पकडीनं उपटून टाकली, तरी झाकण बसेना. शेवटी झाकणच नको असं ठरवलं. बाबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, "उघडं असलं की हवा खेळते. आता असंच ठेवायची पद्धत आहे." ते झाकण चांगलं मोठं आणि सपाट होतं. आईनं त्यावर लसूण सोलून ठेवायला सुरुवात केली आणि घरातला कॉम्प्युटरचा सर्वांत उपयोगी भाग तोच, असं तिचं मत झालं.

आणि मोटार काय पळायची! ताई आंघोळीला गेली की एक फेरी, ती शेजारच्या कमलमावशीकडं विरजण मागायला गेली की दोन. परवा ताईच्या मुलीनं, माझ्या भाचीनं, असाच एक लहानसा कॉम्प्युटर आणला, तळहातात मावणारा. मी नुसतं विचारलं, "याच्यात मेमरी वाढवता येते का गं?" तर ती म्हणाली, "मामा, तुम्ही आधी तिकडं सोफ्यावर बसा." तिचा जन्म व्हायच्या आधीची गोष्ट तिला कुणी सांगितली, हे मी विचारलं नाही.

मे उजाडला. वऱ्हाडातला मे ज्यानं काढला आहे त्याला सांगायला नको, आणि ज्यानं काढला नाही त्याला सांगून समजणार नाही. दुपारी नळाचं पाणीसुद्धा चहाला चालेल असं येतं. आमचा डबा आधी दोन तासांनी बंद पडू लागला, मग एका तासानं, मग अर्ध्या. त्याचा पंखा एवढासा, टिकलीपेक्षा थोडा मोठा. त्यात वर माझं ते गरम डोक्याचं कार्ड, आणि बाहेरचा अडॅप्टर एवढा तापायचा की आईनं एकदा त्यावर सुपारी भाजायला ठेवल्याचं मला स्पष्ट आठवतं. ताई पहाटे उठून काम करू लागली. स्मरणिका सोमवारी शाळेत द्यायची होती. शुक्रवारी सकाळपर्यंत फक्त देणगीदारांची यादी आणि दोन लेख राहिले होते.

आमच्याकडं उन्हाळ्यात कशाचंही बिनसलं तर त्याला कूलरसमोर नेतात. तापलेलं लेकरू, चिडलेला पाहुणा, आंबायला आलेलं वरण, सगळ्यांना एकच औषध. पत्र्याचा तो मोठा कूलर खिडकीत बसवलेला, आत गवताच्या ओल्या ताट्या, पंपानं वर चढणारं पाणी, आणि विमान उतरावं तसा आवाज. क्लासला सुटी होती म्हणून मी घरीच होतो; आदल्याच दिवशी मी ताट्या बदलल्या होत्या आणि बदलताना पंपाची नळी थोडी वाकडी बसली होती. थोडीशीच. आता या घरात जर बाबा, आई, ताई, मी आणि वरण असे सगळे कूलरनं थंड होतात, तर कॉम्प्युटर का होऊ नये? शुक्रवारी दुपारी आमरस-सरगुंडे जेवून आई आणि ताई आतल्या खोलीत लवंडल्या. बाबा ऑफिसात होते. मी टेबल ओढून बरोबर कूलरच्या तोंडाशी नेलं, कूलर पूर्ण वेगावर टाकला आणि मोटार सुरू केली.

डबा गार पडला. पहिल्या वळणावर मी स्वतःची पाठ थोपटली. दुसऱ्या वळणावर माझ्या गालावर तुषार आले आणि फार बरं वाटलं. तिसऱ्या वळणावर लक्षात आलं की तुषार गालावर आहेत म्हणजे इतरत्रही आहेत. उघड्या डब्यात, हिरव्या पाटीवर, कार्डाच्या डोक्यावर पाण्याचे मणी बसले होते, पहाटेच्या हरभऱ्यासारखे. एक 'चट' असा आवाज आला, पडदा काळा झाला आणि जळक्या बदामासारखा वास सुटला. शहाण्या माणसानं तेव्हा बटणापासून हात दूर ठेवला असता. मी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग, कदाचित त्याला पहिल्या दोन वेळा ऐकू आलं नसेल म्हणून, तिसऱ्यांदा दाबलं.

ताई वासानं उठून आली. तिनं टेबल कुठं आहे ते पाहिलं, कूलर पाहिला, डबा पाहिला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मिल्या, कॉपी कुठं आहे?"

मी टेबल कूलरपासून मागं ओढलं.

"तू त म्हनला होता, कार्डानं अक्षरं ठळक दिसते."

"दिसत होती ना ताई..."

"मले आता एकबी अक्षर दिसून नाई राहिलं," ती म्हणाली, आणि खाली बसली. पदर नव्हता, ड्रेस होता, म्हणून ओढणीत तोंड घातलं. तीन महिन्यांचं काम, आणि त्याच्यामागं उभी असलेली ती समोरची खोली. माझ्या तीन वळणांत सगळं गेलं होतं. मी आयुष्यात पुष्कळांना रडवलं असेल, पण इतक्या कमी वेळात कधी नाही.

आई आतून आली. तिला स्मरणिका, डिस्क, कार्ड काही कळलं नाही, तिनं एकच प्रश्न विचारला, "पानी गेलं का त्याच्यात?" हो म्हटल्यावर तिनं वायर ओढून काढली, डबा पदरानं टिपला आणि जिन्याकडं चालू लागली. "रडाले मंग बसजा. वल्लं झालं त उन्हात टाका."

गच्चीवर सकाळपासून कुरडया वाळत होत्या. जुनं लुगडं पसरलेलं, त्यावर पांढऱ्या गोल कुरडयांच्या रांगा. आईनं मधल्या चार कुरडया बाजूला सारल्या, तिथं डबा ठेवला, आणि कावळ्यांनी चोच मारू नये म्हणून वरून मलमलचं फडकं टाकलं. संध्याकाळी बाबा आले. त्यांनी गच्चीवर जाऊन पाहिलं आणि मला हाक मारली.

"हे काय वाळून राहिलं बे?"

"कॉम्प्युटर."

बाबांनी फडक्याचं एक टोक उचलून आत पाहिलं. "सोमवारी द्याचं हाय ना?" एवढंच म्हणाले आणि खाली गेले.

शनिवारी पहिल्या एसटीनं ताई आणि मी अकोल्याला निघालो. डबा उशीच्या खोळीत, खोळ ताईच्या मांडीवर. मला हात लावायची परवानगी नव्हती. पायाशी तिची पिशवी, तिच्यात स्मरणिकेचे हातानं लिहिलेले सगळे कागद. मूर्तिजापूरपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. स्टँडवर मी उतरून गरम भजी आणली आणि पुढं केली. तिनं भजी घेतली, खाल्ली, हात पुसले आणि खिडकीबाहेर पाहू लागली. भजी स्वीकारली होती, माफी नाही.

रफिकभाईंनी खोळ काढली, उघड्या डब्याकडं पाहिलं, कार्डाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आधी हाइट का बोला था."

"हो."

"गीले में चालू किसने किया?"

"मी."

"कितनी बार?"

"एकदा." ताईनं मान वळवली. "तीनदा," मी म्हणालो.

"और सुखाया किसने?"

"आईनं. गच्चीवर."

"तो अम्मी को मेरा सलाम बोलना," रफिकभाई म्हणाले. "बोर्ड तुम्हारे हाथ से गया. डिस्क बची होगी तो उनके हाथ से."

त्यांनी ती पत्त्यांच्या जोडाएवढी डिस्क बाहेर काढली. लॅपटॉपची डिस्क मोठ्या मशीनला सरळ लागत नाही, तिला मध्ये एक छोटा जोड लागतो. तो त्यांनी तीन खोके उपसून शोधला. डिस्क लावली, मशीन सुरू केलं आणि कान लावला.  आतून बारीक, सरळ, मधमाशीसारखा आवाज आला. रफिकभाई हसले. "घूम रही है."

फोल्डर दिसला. फाइल दिसली. मी पुढं होऊन ती उघडली, कारण चांगल्या बातमीवर तरी माझा हात असावा असं मला वाटलं. आणि पडद्यावर जे आलं ते पाहून मी खुर्चीत बसलो. एकशेसाठ पानं भरून इंग्रजी अक्षरं, टोप्या, ठिपके, पौंडाची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं. मुंग्यांनी मोर्चा काढावा तशी. एकही मराठी अक्षर नाही. "सडली," मी म्हणालो. "पाण्यानं आतून सडली." आणि मग मी, एकोणीस वर्षांचा हार्डवेअर इंजिनिअर, भर दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर, खरोखर भोकाड पसरलं.

मागून हसण्याचा आवाज आला. ताई हसत होती. आदल्या दुपारपासून पहिल्यांदा.

"उठ तठून," ती म्हणाली. ती खुर्चीत बसली, पडद्यावर बोट ठेवलं आणि वाचू लागली. "मुख्याध्यापिकांचे मनोगत. आमच्या शाळेचे हे रोपटे लावले तेव्हा गावात मुलींना..." ती त्या टोप्या-ठिपक्यांमधून सरळ वाचत होती, थांबत नव्हती, अडखळत नव्हती. दोन्ही गिऱ्हाइकं उठून जवळ आली. रफिकभाईंनी चष्मा लावला.

"ये आप कैसे पढ़ रही?"

"छापखान्यात मशीन बिघडलं की महिना महिना फाँट नसायचा भाऊ. तशीच टायपिंग करायची. सगळं अंगवळणी पडलं." मग माझ्याकडं न पाहता, "डिस्कले काही नाई झालं. या मशीनमध्ये आपला मराठी फाँट नाई, एवढंच. फाँटची फाइल आपल्याच डिस्कवर आहे." तिनं ती शोधली, रफिकभाईंच्या मशीनवर चढवली, स्मरणिका बंद करून पुन्हा उघडली. मुंग्या गेल्या आणि पहिल्या ओळीवर मुख्याध्यापिका ठळक अक्षरांत उभ्या राहिल्या. इतके महिने तुपाचं वरण खाऊन मी जे शिकलो नव्हतो, ते आमच्या घरात मधल्या खोलीत शिलाई मशीनच्या टेबलावर रोज बसलेलं होतं.

शेवटची अकरा पानं मात्र गेली होती. ती शुक्रवारी सकाळी केलेली, सेव्ह करायची राहून गेलेली, आणि त्यातली देणगीदारांची यादी अर्धीच झालेली. ताईनं पिशवीतून कागद काढले आणि रफिकभाईंच्या दुकानातच बसून पुन्हा सुरुवात केली. तिच्या बोटांच्या वेगाकडं पाहत रफिकभाईंनी एका बिघडलेल्या टीव्हीचं पोट उघडून तसंच सोडून दिलं. मला काम मिळालं ते कागद धरून ठेवण्याचं, कारण पंख्यानं ते उडत होते. "सरळ धर," ताई अधूनमधून म्हणायची. ते बोलणं मला फार गोड वाटलं, कारण ते बोलणं होतं. दुपारच्या नमाजाला रफिकभाई गेले, परत आले, तेव्हा ती शेवटच्या नावावर होती. डबा त्यांनी दुसरा बोर्ड बसवायला ठेवून घेतला आणि तीन सीड्या करून दिल्या. एक शाळेला, एक ताईला, आणि एक स्वतःच्या गल्ल्यात टाकली. "एक इधर रहेगी. तुम्हारे घर में इंजिनियर है."

सोमवारी ताई आणि बाबा धामणगावला गेले. मला घरी ठेवण्यात आलं, आणि कूलरची नळी सरळ करण्याचीही जबाबदारी आईनं कमलमावशीच्या नवऱ्याला दिली. दिवसभर मी समोरच्या खोलीत बाबांच्या खाटेवर बसून होतो. देणगीदारांतलं एखादं नाव सुटलं असेल तर, पान उलटं लागलं असेल तर, सीडी चाललीच नाही तर, असं एकेक मनात येत होतं. आईनं दोनदा चहा दिला. तिला काळजी नव्हती. जे वाळवलं ते टिकतं, असं तिचं साधं तत्त्व होतं.

दिवेलागणीला दोघं परतले. ताईनं पायरीवर चपला सोडल्या त्या इकडची एक आणि तिकडची एक, आणि ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन गार कुरडईचा चीक बोटानं खाऊ लागली. बाबांनी टोपी काढली नाही, पाय धुतले नाहीत. ते समोरच्या खोलीत आले, मला खाटेवरून उठवलं आणि खुंटीवरचे आपले शर्ट काढून खांद्यावर टाकू लागले. मग पेपरांचा गठ्ठा, मग रेडिओ.

आई दारात आली. "काय करून राहिले?"

"खोली खाली करून राहिलो. शाळेच्या बाईनं तठीच दुसरं काम देल्लं. दहावीच्या प्रश्नपत्रिका, सगळ्या विषयाच्या."

"मंग तुमी झोपसान कुठी?"

"तुमच्यात. मंदातल्या खोलीत. अठी माह्याशिवाय दुसरं कोन झोपते?"

"आन् अंजनगाववाले?"

"त्याइले सांगतो मी," बाबा म्हणाले. "पोरगी कामात हाय."

मग त्यांनी वाकून खाटेचं एक टोक उचललं आणि माझ्याकडं पाहिलं. "ए इंजिनेर, तिकडून धर. आन् पाय, नुसतं धर. डोकं लावू नको."